आंटींच्या नावापुढची तारीख

"चर्चचे फोटो हवे तेवढे काढ, पण कबरींवरची नावं वाचत बसू नको. तू शिंक ऐकतेस आणि न्यूमोनिया घरी आणतेस," असं प्रिसिला आंटी मला मागे एकदा म्हणाल्या होत्या. मी हसून सोडून दिलं. बारीक लक्ष ठेवणं हा माझा दोष नाही, माझ्यातला एकमेव गुण आहे, असं माझं ठाम मत होतं!

आंटी आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा मार्विन मस्कतला. माझी श्रिया तीन महिन्यांची असल्यापासून मी ऑफिसला जाते ती आंटींच्या जिवावर. दिवाळीच्या सुट्टीत मी रजा घेतली, त्यामुळे आठवडाभर श्रिया माझ्याकडेच होती. आंटींचं दार बंद दिसायचं. ठाण्याला भाचीकडे गेल्या असतील, असं मी धरून चालले.

श्रियाला शाळेचा प्रकल्प होता, जिल्ह्यातली ऐतिहासिक वास्तू. वर्गातल्या सगळ्या पोरी दुर्गाडी किल्ला करणार. म्हणून मी म्हटलं, आपण ठाण्याचं पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च करू, आंटींचंच. सॅनिटायझर, ओआरएस, मलम आणि दोन छत्र्या घेऊन आम्ही निघालो.

चर्च खरंच बघण्यासारखं होतं. आत माणूस आडवा झोपेल एवढी जाड भिंत. फरशीत बसवलेल्या एका जुन्या शिळेवर कवटी आणि दोन हाडं कोरलेली. श्रियाने झटकन पाय मागे घेतला.

"आई, इथे करंट आहे?"

विजेच्या डीपीवरची धोक्याची पाटी आठवली होती तिला. मी फोटो काढत काढत मागच्या दफनभूमीत शिरले. चारच दिवसांपूर्वी, दोन नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस होऊन गेलेला. सगळ्या कबरी धुतलेल्या, वर मेणाचे ओघळ आणि सुकत चाललेले झेंडूचे हार. आणि तिथे मला आंटींच्या यजमानांची कबर दिसली. गॅब्रिएल, जन्म, मृत्यू. त्याखाली नव्याकोऱ्या सोनेरी अक्षरांत 'प्रिसिला, १९५०'. मग एक आडवी रेघ. रेघेच्या पुढे हार.

मी वाकून ते पुन्हा वाचलं.

"आई, हार उचलून बघू का, पुढे काय लिहिलंय?"

"हात लावायचा नाही. मुंग्या असतात."

मी आंटींना फोन लावला. बंद. परत लावला. बंद! मग मी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि लिहिलं, 'आपल्या प्रिसिला आंटी गेल्या.'

तीन मिनिटांत एक्केचाळीस हात जोडले गेले. सेक्रेटरी हरिहरकाकांनी खालच्या फळ्यावर 'पाणी उद्या उशिरा येईल' याच्याच खाली 'शोकसभा सायं. ७, गच्चीवर' असं लिहून फळ्याचा फोटोही पाठवला. समोरच्या रचनाचा फोन आला.

"अगं, त्यांच्या दाराखालून उजेड दिसतोय. मार्विन आला असणार."

"एकटाच?"

"बिचारा. मी पिठलं-भात टाकते. आज काय शिजणार त्या घरात?"

आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्या मजल्यावर दहा-बारा जण उभे होते. हरिहरकाका पांढऱ्या सदऱ्यात. रचनाच्या हातात पातेलं. काकांनी बेल दाबली. आतून काहीतरी घासत घासत आल्यासारखा आवाज आला. दार उघडलं. हातात काठी, पायावर हळदीचा लेप, आणि वर साक्षात प्रिसिला आंटी!

"काय गो, एवढे जण? कोण गेला?"

रचना म्हणाली, "तुम्ही."

"कधी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल पुढे केला. आंटींनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"हार मीच टाकलाय. नाव पण मीच कोरून घेतलं यंदा. आमच्यात जागा राखून ठेवतात, तशी मी रेघ राखून ठेवली. पुढची तारीख काय मी सांगणार?"

मग त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि वाटीत पिठलं घेऊन खाऊ लागल्या. कबर धुताना फोन बादलीत पडला होता. घरी येताना जिन्यात पाय मुरगळला. तेव्हापासून घरातच.

"चार दिवस बेल एकदा पण वाजली नाय गो. आज मेले, तर अख्खी बिल्डिंग आली."

त्या हसत म्हणाल्या. दुसरं कोणी हसलं नाही. हरिहरकाका फळा पुसायला म्हणून खाली गेले. आणि मी, जी झोपलेल्या श्रियाचा श्वास तीनतीनदा तपासते, ती त्या चार दिवसांत त्याच दारावरून निदान वीसदा गेले होते. प्रत्येक वेळी लक्ष होतं ते श्रियाच्या चपलेच्या बंदाकडे.

आता मी रोज संध्याकाळी आंटींकडे साखर मागायला जाते. आमच्या घरात एवढी साखर कोण खातं, अशी त्यांनी परवा चौकशी केली.

तुमच्या मजल्यावरही असं एखादं दार असेल, दोन-तीन दिवसांत न उघडलेलं. भाचीकडे गेले असतील, असं धरून चालू नका. हे वाचून झालं की उठा आणि बेल वाजवून या ना, प्लीज.