देशाचा बांगडा

देशात बांगडा वाढला की यावलला आमच्या गल्लीत शिरा वाटला जातो. वाटणारे शेजारचे आबा. गळ्यात तुळशीची माळ, घरात लसूणसुद्धा परवानगी घेऊन येतो, समुद्र जन्मात पाहिलेला नाही. शेती केळीची. पण पेपरात मासेमारीची बातमी दिसली की कात्री घेऊन बसतात.

"तारली मासळीचं मले सांगू नको भाऊ. बांगडा पाहा. बठ्ठ्या देशाचा पाहा, साऱ्या देशाचा."

मी शाळामास्तर. आकडे समजावणं हाच माझा धंदा, पण आबांपुढे डोकं चालत नसे. एका वर्षी बांगडा घटला, तर आबा आठवडाभर नीट जेवले नाहीत. मासे कमी सापडले म्हणून माळकऱ्याने उपाशी राहायचं, हे गणित कुठल्या इयत्तेचं?

शेवटी बायकोनेच माझी कीव केली. "अहो, त्यांची लेक शोभा कोकणात बोटवाल्यांकडे नाही का!"

शोभा नर्सिंगला नाशिकला गेली आणि तिकडेच शिकायला आलेल्या, कोकणातल्या एका बोटवाल्याच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षं, आबा तिच्याशी बोललेले नाहीत. तिचं बरं चाललंय की नाही, ते बिचारे पेपरात शोधत होते.

यंदा पुन्हा शिरा आला, सोबत कात्रण. मी ते पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं आणि नको ते बोलून गेलो. "आबा, देशात वाढलाय खरा. पण दुसऱ्या राज्यांत. आपल्या किनाऱ्यावर घटलाय."

"असं कसं? आपल्याकडे केळी पिकली का बठ्ठ्या तालुक्यात पिकते. समुद्र तं एकच हाये ना?"

"एकच आहे, पण बांगडा सगळीकडे सारखा सापडत नाही."

आबांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. "म्हंजे मी दुसऱ्यांच्याच लेकींचा शिरा वाटत होतो?"

मला स्वतःचाच राग आला. एवढं शहाणपण दाखवायची काय गरज होती?

मग आबा म्हणाले, "फोन लाव." नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी लावून हातात दिला. पलीकडून "हॅलो, कोण?" झालं. आबांनी नावही न सांगता विचारलं,

"देशाचं राहू दे. तुमच्या बोटीले बांगडा भेटला का?"

शोभा म्हणाली, "आबा? आबा, बोट तर दोन वर्षांपूर्वीच विकली. मी दवाखान्यात नोकरीला आहे, यांचं दुकान आहे. बरं चाललंय आमचं."

"म्हंजे बांगड्याशी तुमचा काही संबंधच नाही?"

"नाही, आबा."

आबा पार गोंधळले. हातातल्या कात्रणाकडे पाहत म्हणाले, "मंग आता मी पेपरात काय पाहू?"

"मलाच विचारत जा ना," शोभा म्हणाली.

आबांनी नुसती मान डोलावली. पुन्हा डोलावली. फोनवर डोलावलेली मान शोभाला दिसत नाही, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.