डॉक्टर थेट बोलतात

"कार्यक्रम थेट आहे बरं का, डॉक्टर," टीव्ही वाहिनीवरून फोन करणारी मुलगी म्हणाली.

"उत्तम! मलाही आडपडदा ठेवून बोलणं जमत नाही," दातांचे डॉक्टर म्हणाले.

त्या वाहिनीने नुकताच 'लाइव्ह' हा शब्द हद्दपार केला होता. चुकून उच्चारणाऱ्याला सगळ्यांना चहा पाजावा लागे, म्हणून ती बिचारी 'थेट'वरच थांबली. डॉक्टरांच्या लेखी थेट म्हणजे सडेतोड. शिवाय मागे एकदा त्यांची चांगली लांबलचक मुलाखत काटछाट करून याच लोकांनी एका वाक्यावर आणली होती. टीव्हीवाले सगळं कापतात, हे तेव्हापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सकाळी स्टुडिओत दिवे लागले. निवेदिकेने स्वागत केलं आणि डॉक्टरांना सणसणीत शिंक आली.

"हे कापा," नाक पुसत ते म्हणाले.

निवेदिका कसंनुसं हसली. "डॉक्टर, आपण थेट आहोत."

"आहोतच! मग थेट सांगतो. लोकांना मी दोनदा दात घासा म्हणतो, पण स्वतः रात्री घासत नाही. कंटाळा येतो हो. हेही कापा."

काचेपलीकडे कुणीतरी कपाळाला हात लावला. निवेदिकेने घाईघाईने विषय बदलला. "कवळी वापरणाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?"

"आमच्या सासूबाईंसारखी घेऊ नये! परवा घरी पाहुणे आले होते. सासूबाई खळखळून हसल्या आणि कवळी पडली पाहुण्यांच्या कपात. त्यांना वाटलं, बिस्किट पडलं. चमच्याने काढायला गेले!"

"डॉक्टर," निवेदिका गोड आवाजात पण दातओठ खात म्हणाली, "आपण खरोखर थेट आहोत."

"अहो, म्हणून तर सांगतोय! एरवी घरातलं असं कोण चारचौघांत बोलतं?"

तेवढ्यात निवेदिकेच्या कानात कुणीतरी काही सांगितलं आणि तिचा चेहरा उजळला. "एका प्रेक्षकाचा फोन आलाय."

"जावईबापू," स्टुडिओभर आवाज घुमला.

डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. "सासूबाई? तुम्हाला कसं कळलं? कार्यक्रम तर अजून दाखवायचाय!"

"दाखवायचाय काय? समोर दिसताय की. वर कोपऱ्यात लिहिलंय, थेट प्रक्षेपण. कपाळावरचा घामसुद्धा दिसतोय."

डॉक्टरांचा हात कपाळाकडे गेला.

"हं, आता पुसलात. बरं, थेटच चाललंय तर हेही सांगून टाका. माझी कवळी बसवली कुणी?"

डॉक्टरांनी काचेपलीकडे केविलवाणं पाहिलं.

"मी," डॉक्टर पुटपुटले.

"सैल आहे म्हणून मी दहादा सांगितलं, तेव्हा काय म्हणालात?"

"होईल सवय."

"मला झाली. पाहुण्यांना व्हायचीय."

पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या.

डॉक्टरांचा दवाखाना घराच्याच तळमजल्यावर होता. दुपारी ते मान खाली घालून आत शिरले, तर पेशंटच्या खुर्चीत सासूबाई आ वासून बसलेल्या. शेजारी बायको हाताची घडी घालून उभी. डॉक्टरांनी हातमोजे चढवून माप घेतलं. कवळीला आतून नवा थर दिला, घासली, लावून पाहिली, पुन्हा घासली. इतकं मन लावून त्यांनी कॉलेजच्या परीक्षेतही काम केलं नव्हतं. अखेर कवळी अशी घट्ट बसली की सासूबाईंनी आख्खं सफरचंद कराकरा चावून खाल्लं.

"आता तरी माफ केलंत ना?" डॉक्टरांनी भीतभीत विचारलं.

"माफ कसलं? उपकार झाले! आज फोनवर एका हाताने कवळी दाबून धरली, म्हणून तेवढं तरी बोलता आलं. नाहीतर इतकी वर्षं पडेल या धास्तीने मी दोन-चार शब्दांवर भागवत आलेय."

डॉक्टरांच्या हातातलं अवजार हातातच राहिलं. हे दोन-चार शब्द होते?

बायकोने एक खुर्ची पुढे ओढली. "बसा. आईला बोलायचंय."

सासूबाईंनी जबडा दोनदा उघडून मिटून पाहिला, समाधानाने मान हलवली आणि पदर सावरून म्हणाल्या, "तर, तुमच्या लग्नापासून सुरू करते."