आठ नसलेली संख्या

आमच्या शेजारचे रशीद सर नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "तुमचा आवडता आकडा बोला," म्हणतात. हर्सूलच्या आमच्या कॉलनीत पाणी सोडणाऱ्यापासून सगळ्यांचे आकडे त्यांना पाठ आहेत.

सरांची एक लाडकी संख्या आहे. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. ओट्यावरच्या फळ्यावर ती कायम लिहिलेली असते, १२३४५६७९. येणारा-जाणारा म्हणतो, "सर, आठ राहिला." सरांना तेच हवं असतं. "राहिला नाय, मियाँ! आठ घातला की सगळा खेळ बिघडतो!" मग आपल्या आवडत्या आकड्याची नऊपट करायची आणि तिनं या संख्येला गुणायचं. उत्तरात तोच आकडा रांगेनं नऊ वेळा येतो.

फुलंब्रीहून येणाऱ्या भाजीवाल्या कौसाबाईनं सात सांगितला. सात नव्वे त्रेसष्ट. सरांनी गुणाकार केला, सगळे सात ओळीनं उभे राहिले. कौसाबाई म्हणाली, "लई भारी. आता मेथी घेता का सातच घेता?"

पडताळ्याशिवाय मात्र सरांचं गणित पुरं होत नाही. "आपलं गणित आपण तपासू नये. नजर आपल्याच चुकांचे लाड करते." त्यांच्या बायकोला आम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणायचो. खाला रोज संध्याकाळी गुणाकार तपासायच्या, "सही निकला," म्हणत खाली खूण करायच्या, आणि मगच चहा.

गेल्या वर्षी खाला गेल्या. फळ्यावर गुणाकार व्हायचा, खूण मात्र होत नव्हती. सर खडू धरून तसेच बसायचे. पुढं तर फळा पुसणंही बंद झालं.

एक दिवस मी कपडे वाळत घालत होते.

"सुमनताई, जरा तपासता का?"

मी चौथी शिकलेली. चार माणसांत नाव सांगायचं तरी मी मागं सरायची. "मला नाय येत, सर."

"हातचा घेता येतो ना? मग झालं."

फळ्यावर कौसाबाईच्या सातचा, त्रेसष्टचा गुणाकार होता. नऊ त्रिक सत्तावीस, सात लिहिले, हातचे दोन. असं करत शेवटपर्यंत गेले. पण सरांच्या उत्तरात सगळ्या सातांमध्ये एक सहा सापडला. मी हळूच बोट ठेवलं.

"या अल्ला! चुकलो की! पहिल्यापासून करा बरं."

तेव्हापासून सरांचं रोज काहीतरी चुकायला लागलं. मी चूक शोधायची आणि ते शेजारी बसून खालांच्या गोष्टी सांगायचे. चौथीत सुटलेला गुणाकार माझ्या हाताला परत आला. माणसांशी बोलायचीही आता तेवढी भीती वाटत नाही. हे उपकार तोंडावर सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

परवा कौसाबाई टोपली उतरवताना हसली. "ताई, उत्तरात समदे सातच येनार हे मला अडाणीला ठावं हाय. अन् मास्तरचं चुकतं व्हय?"

मी मेथीची जुडी निवडून घेतली. संध्याकाळी गेले, तर फळ्यावर चुका नेहमीपेक्षा जास्तच होत्या. सर भलतीकडं बघत होते. मी खडू घेतला.

"आज लई चुकलंय, सर. वेळ लागंल."

"लागू द्या की," सर म्हणाले, आणि आतून दुसरी खुर्ची घेऊन आले.