तळ्यातल्या एका वनस्पतीचं कुल ठरवण्याविषयी

ज्या वस्तूला नाव नाही ती कपाटात ठेवता येत नाही, आणि जी कपाटात ठेवता येत नाही ती अस्तित्वात आहे असं म्हणणं शास्त्राला धरून होत नाही. आमच्या वनस्पतिसंग्रहालयाचा कारभार या एकाच तत्त्वावर चालतो आणि उत्तम चालतो. कपाटं एकूण दोनशे चौदा. त्यांत दाबून, सुकवून, जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पती. त्यांच्या चिठ्ठ्या गेली एकोणीस वर्षं मी लिहितो. (अक्षर चांगलं आहे. वनस्पतिशास्त्र येत नाही. पण त्यावाचून चिठ्ठी कधी अडलेली नाही.)

पाणवनस्पतींचा विभाग पहिल्या मजल्यावर आहे. तिथे समोरासमोरच्या खोल्यांत दोन शास्त्रज्ञ बसतात आणि ते एकमेकांचे साडू आहेत. कचेरीत त्यांना थोरले साडू आणि धाकटे साडू असंच म्हणतात. थोरले फूल भिंगाखाली धरतात, पाकळ्या आणि पुंकेसर मोजतात आणि वनस्पती कुठल्या कुलातली ते सांगतात. धाकट्यांकडे यंत्र आहे. पानाचा तुकडा कुटून त्यात घातला की यंत्र वंशावळ काढून देतं.

थोरल्यांनी आयुष्याची सव्वीस वर्षं एका ग्रंथात घातली होती. कमळ आणि कुमुद ही एकाच कुलातली भावंडं आहेत, हा त्याचा विषय. धाकटे रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जगभर मान्य झालेली गोष्ट थोरल्यांच्या कानावर घातली. दोघं एका तळ्यात राहतात, दिसायला सारखी आहेत, पण एकमेकांची कोणी लागत नाहीत. कमळाचं जवळचं नातं रस्त्याकडेला सावलीसाठी लावतात तशा एका उंच झाडाशी निघालं होतं.

"झाडाशी?" थोरले म्हणाले.

"झाडाशी," धाकटे म्हणाले. "मी काय करू? यंत्र सांगतंय."

त्या रविवारी सासूबाईंकडे जेवताना थोरल्यांनी मीठसुद्धा बायकोमार्फत मागितलं. पुढची चार वर्षं तसंच चाललं. सासूबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "जावई दोन, तोंडं दोन दिशांना. आणि हे म्हणे जगातल्या झाडांची नाती लावतात!" (सासूबाईंचं शिक्षण बेताचं असल्याने या मताची नोंद घेतली गेली नाही.)

अशात एका सकाळी माळी हातात ओला गुंता घेऊन जिना चढून वर आला. इमारतीच्या मागे एक तळं होतं. बागेला पाणी तिथूनच यायचं.

"साहेब, मोटर बंद पडलीय. जाळीत हे अडकलं होतं."

माळ्याचं स्वतःचं वर्गीकरण आहे. पाण्यातल्या वनस्पतींचे तो दोन गट करतो, मोटरीत अडकणाऱ्या आणि न अडकणाऱ्या. पद्धत अगदीच अशास्त्रीय आहे. तिच्यात आजवर चूक निघालेली नाही, हा निव्वळ योगायोग.

गुंत्यात एक फूल होतं. थोरल्यांनी ते भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग ते उठले, चार वर्षांत पहिल्यांदा समोरच्या खोलीच्या दारात गेले आणि म्हणाले, "जरा बघता का?"

धाकट्यांनी पाहिलं. यंत्रात तुकडा घातला. संध्याकाळपर्यंत दोघांची जुंपली होती. पुंकेसरांवरून ही कुमुदाच्या घरातलीच, असं थोरले म्हणत होते. धाकटे म्हणत होते की तिचा कुमुदाशी काडीचा संबंध नाही, ती कमळाच्या कुलातली. माळी दाराशी उभा होता.

"साहेब, हे फूल सकाळी ना..."

"तपशील समितीसमोर," दोघं एकदम म्हणाले. चार वर्षांतलं त्यांचं हे पहिलं एकमत.

समिती नेमली गेली. सदस्य सात. नियम थोडे पण चोख होते. सदस्यांनी तळ्यावर जाऊ नये, कारण वनस्पती प्रत्यक्ष पाहिल्याने मन कलुषित होण्याचा संभव असतो. वाळवलेला नमुना एकच असल्याने प्रत्येकाने तो दोन महिने ठेवून पुढच्याकडे पाठवावा. ज्याला वनस्पतीविषयी काही माहिती असेल त्याने ती लेखी द्यावी, सोबत पदवीची प्रत जोडावी. (माळ्याची पदवी नव्हती. त्यामुळे माहिती देण्याची त्याची तसदी आपोआपच वाचली.)

तीन वर्षांत बैठका एकतीस झाल्या. पैकी नऊ बैठका 'पाणवनस्पती' म्हणजे पाण्यातली की पाण्यावरची, यावर खर्ची पडल्या. एक बैठक मागच्या बैठकीचं इतिवृत्त हरवल्याबद्दल होती आणि तिचंही इतिवृत्त हरवलं. पण कामाचा वेग पाहून बाहेरून माणसं येऊ लागली, निरीक्षक, तज्ज्ञ, तज्ज्ञांचे मदतनीस. त्यातून एक खरी अडचण उभी राहिली. एवढ्या गाड्या लावायच्या कुठे?

बांधकाम खात्याने जागा हेरली आणि रीतसर पत्र पाठवलं. 'मागील तळ्यात महत्त्वाची वनस्पती आहे काय? असल्यास नाव व कुल कळवावे.'

उत्तराचा मसुदा माझ्याकडे आला. खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता. नाव नव्हतं, कुल नव्हतं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाब विचाराधीन आहे.' बांधकाम खात्याच्या नियमावलीत विचाराधीन बाब 'नाही' या रकान्यात मोजतात, हे मला ठाऊक होतं. पण त्यांच्या नियमावलीशी माझा अधिकृत संबंध नाही.

माळी माझ्या टेबलापाशी आला होता. "दादा, तळ्यात माती टाकतायत. वर सांगा ना कोणाला तरी."

"अर्ज कर," मी म्हणालो. "अर्ज आला की मी लगेच वर पाठवतो."

त्याने अर्ज केला. मी लगेच वर पाठवला. वरून तो समितीकडे गेला, समितीने तो बत्तिसाव्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला. त्या बैठकीला मात्र सगळे वेळेवर आले, कारण गाड्या लावायला आता ऐसपैस जागा झाली होती.

बत्तिसाव्या बैठकीत निकाल लागला. वनस्पती कुमुदाच्या कुलातली नव्हती, कमळाच्याही नव्हती. ती कोणाचीच कोणी नव्हती. तिच्यासाठी नवं कुल स्थापन झालं. त्यात एकच प्रजाती, त्या प्रजातीत एकच जाती. दोघंही साडू हरले होते, म्हणून दोघंही मोकळे झाले. त्या रविवारी थोरल्यांनी मिठाची वाटी स्वतःच धाकट्यांपुढे सरकवली आणि सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. आनंदाचा प्रसंग होता, यात मला शंका नाही.

नव्या कुलाची घोषणा करताना सोबत चित्र लागतं, आणि चित्रासाठी ताजा नमुना. सोमवारी सकाळी दोघं साडू बरोबरीने मागच्या दाराने बाहेर पडले. मी वही घेऊन मागोमाग.

तिथे डांबर होतं. पांढरे पट्टे आखलेले होते, चौसष्ट गाड्यांची सोय. थोरले चालत चालत मधोमध गेले आणि उभे राहिले. त्यांनी खिशातून भिंग काढलं, पायाखाली पाहिलं आणि भिंग परत खिशात ठेवलं. धाकट्यांनी त्यांचा दंड धरला. फाटकाशी माळी बसला होता. बागेला पाणीच उरलं नसल्याने त्याची बदली गाड्यांवर लक्ष ठेवायला झाली होती.

"दुसऱ्या कुठल्या तळ्यात असेल," धाकटे म्हणाले.

"असेल," थोरले म्हणाले. त्यानंतर त्यांनी सदतीस तळी पाहिली. अजून पाहतात, आता धाकटेही सोबत जातात.

घोषणा चित्राशिवायच झाली. कपाट क्रमांक दोनशे पंधरा नवीन आलं. त्यात एकच कागद आहे. वाळताना फूल तपकिरी पडलं, सगळीच पडतात. चिठ्ठी मी लिहिली आहे आणि ती पाहणाऱ्यांनी अक्षराचं कौतुक केलं आहे.

आता तुम्हाला आमचा राग आला असेल. समितीचा, बांधकाम खात्याचा, विशेषतः माझा. यावा. फक्त एक नोंद करून ठेवतो. ते फूल कुठल्या रंगाचं होतं हे सात सदस्यांपैकी एकानेही विचारलं नाही. माळी तो अजून सांगू शकेल. आणि इतका वेळ हळहळत वाचूनही, तुम्हीसुद्धा विचारलेलं नाही.