उर्पोची मुरलेली नळी

शिकाऱ्याचा नेम कधीच चुकत नाही. बंदुकीची नळी झिजते. हे सत्य जगभर ठाऊक असलं तरी त्याचा रीतसर ठराव पार उत्तरेकडच्या होन्काव्हारा गावच्या शिकारी मंडळानेच केला. मंडळाच्या आकडेवारीनुसार आजवर वाया गेलेल्या बारांपैकी निम्मे नळीमुळे, पाव हिस्सा वाऱ्यामुळे आणि बाकीचे एल्कच्या बेशिस्त वागण्यामुळे वाया गेले. (शिकाऱ्यामुळे वाया गेलेले बार: निरंक.)

एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. ते समोर शांतपणे उभं असताना मंडळाचा सभासद उर्पो केम्पाइनेन याचे बार लागोपाठ दोन मोसम वाया गेले, तेव्हा निदानाला कुणाला वेळ लागला नाही. "नळी गेली," असं मंडळाचे प्रमुख कालेर्वो यांनी सांगितलं आणि उर्पोच्या खांद्यावर हात ठेवला, दुखवट्याला आल्यासारखा.

प्रकरण गंभीर होतं. तिसऱ्या मोसमातही जो चुकला त्याची उभं राहण्याची जागा जाते आणि हातात डाव येतो. मग त्याने वाटाण्याचं सूप ढवळायचं आणि इतरांच्या शिकारीचं कौतुक करायचं, असा मंडळाचा नियम आहे. उर्पोची जागा दलदलीच्या काठावरची. तिथे त्याचा बाप उभा राहायचा, त्याआधी आजा. ती जाणं म्हणजे सातबाऱ्यावरून नाव उडणं. उर्पोला सूप फार आवडायचं, पण त्या पातेल्याची त्याने धास्ती घेतली होती.

नळी बदलायची तर कॅलिबरही, म्हणजे नळीच्या भोकाचं मापही, नव्याने निवडता येतं, आणि निवडता येतं म्हटल्यावर एकट्याने निवडणं शिष्टाचाराला धरून नाही. सभा सौनात, म्हणजे गावच्या वाफेच्या खोलीत भरली. इथे महत्त्वाचे निर्णय तिथेच होतात, कारण तिथे कुणालाही लांबलचक भाषण झेपत नाही. कालेर्वो तीनशे आठच्या बाजूने होते. रेयो नावाचा लाकूडतोड्या नऊ पॉइंट तीनशिवाय बोलायलाच तयार नव्हता (त्याच्या मते त्याहून लहान गोळीने एल्कचा अपमान होतो). टपालवाला आर्मस साडेसहाचा कट्टर भक्त. उर्पोचं मत विचारायचं राहून गेलं. तापलेल्या दगडांवर पाणी पडत गेलं, मुद्दे संपत गेले, आणि वरच्या बाकावर जो शेवटपर्यंत टिकला त्याचं कॅलिबर एकमताने मंजूर झालं.

नळीला पोलिसांचा परवाना लागतो. (नेमाला लागत नाही, हे कायद्याचं औदार्य.) तो येईपर्यंत नेमबाजीची परीक्षा येऊन ठेपली, म्हणून उर्पोने बायकोची, तायमीची बंदूक रीतसर परवानगीने वापरली. ही बंदूक तायमीच्या वडिलांची. नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे जवळजवळ पुसलेले. तायमी मागे उभी राहून म्हणाली, "अरे, बार सुटायच्या आधीच डोळे मिटतोस तू. गोळीला जाताना तरी बघ."

उर्पोने डोळे उघडे ठेवले. सगळ्या गोळ्या वर्तुळात बसल्या.

मंडळावर आभाळ कोसळलं. झिजलेल्या नळीने नेम लागतो असं एकदा मान्य केलं की जुने सगळे बार पुन्हा तपासायला काढावे लागले असते, आणि त्यांत खुद्द कालेर्वोंचे बरेच होते. तातडीने चौकशी समिती बसली आणि तिने शास्त्रशुद्ध तोडगा काढला: झीज दोन प्रकारची असते. एक बिघडलेली, दुसरी मुरलेली. उर्पोची नळी बिघडली होती. तायमीची लोणच्यासारखी मुरली होती.

मग नवी नळी आली ती कोरी करकरीत, म्हणजे निरुपयोगी. ती मुरवणं भाग होतं. उन्हाळाभर उर्पो संध्याकाळी खडीच्या खाणीत जाऊन, खांदा हुळहुळेपर्यंत कागदावर बार टाकत राहिला. तायमी दगडावर बसून कॉफी पीत त्याचा श्वास, बोट आणि डोळे यांवर टीका करत असे. (ही टीका मुरवण्याच्या प्रक्रियेत धरलेली नाही.) भोकं हळूहळू कागदाच्या मधोमध जमू लागली. नळी मुरत असल्याचा हा पुरावा समितीने समाधानाने पाहिला.

मोसमाच्या पहिल्याच सकाळी धुक्यातून एल्क आला आणि उर्पोच्या बापाच्या जागेसमोर थांबला. उर्पोने बंदूक खांद्याला लावली. डोळे उघडे होते. एकच बार झाला. एल्क पडल्यावर उर्पो मटकन खाली बसला आणि त्याला बापाची फार आठवण आली. मग त्याने वॉकीटॉकीवर एल्क पडल्याचं कळवलं. जागा वाचली होती.

"मुरली," पलीकडून कालेर्वो धन्यतेने म्हणाले.

घरी तायमीने विचारलं, "नळी मुरली, की तू?"

उर्पोने प्रामाणिकपणे विचार केला. "नळी," तो म्हणाला. "आणि कॅलिबरही चांगलं निघालं."

मंडळाने आता प्रत्येक सभासदाला मुरलेली नळी सक्तीची केली आहे. खाणीत जायला सवड कुणालाच नाही, त्यामुळे शहरातला एक व्यापारी मुरलेल्या नळ्या विकतो. नव्यांपेक्षा महाग पडतात, पण मेहनत वाचते. शेजारच्या गावांतून माणसं उर्पोकडे येतात. तो त्यांना खाण दाखवतो, तायमीची कॉफी पाजतो, डोळे मिटण्याचीही गोष्ट सांगतो. पाहुणे मान डोलावतात आणि निघताना दारात एकच प्रश्न विचारतात.

वाचकहो, हसू नका. तुमच्याकडे बंदूक नाही, तुमच्या तालुक्यात एल्क नाही, तरी सौना संपल्यापासून तुमच्या मनात तोच प्रश्न आहे. घ्या लिहून, कॅलिबर: साडेसहा. आता तुमचाही नेम लागेल.