इंदूबाईंचं मिशांशी हाडवैर

इंदूबाईंचं मिशांशी हाडवैर होतं. सदर बाजारात एखादी झुपकेदार मिशी समोरून आली, की त्या भर रस्त्यात थांबून तिच्याकडे रागानं पाहत.

आमच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत त्या जुन्या शिक्षिका, राहायलाही वसतिगृहातच. मुलं ओठ पाहून बोलणं ओळखत. त्यामुळे ओठ झाकणारं सगळंच बाईंचं वैरी. तोंडावरचा पदर, पानाचा तोबरा, शिपायाचा मफलर. "आधी चेहरा दाखवा, मंग बोला," हे त्या तपासणीला आलेल्या साहेबांनाही सुनावत.

मी तेव्हा नवी शिक्षिका, दोन वेण्यांची शहाणी. बहिऱ्यांशी बोलायचं म्हणजे घसा फोडायचा, एवढीच माझी अक्कल. बाई म्हणाल्या, "काहून बोंबलून राहिली वं? पोरांले ऐकू येत नाही, शेजाऱ्यांले येते."

एकदा दिवाळीच्या तोंडावर रामटेककडून वसतिगृहातल्या गोदाचा बाप आला. धानाचा शेतकरी, मिशी खालच्या ओठापर्यंत उतरलेली. गोदा सुट्टीतही बाईंजवळच राही. घरी नेऊन तिच्याशी बोलणार कोण?

"पोरीले कायमची घेऊन जातो," तो म्हणाला. "माह्या एका शब्दाले जवाब देत नाही. मुकीच हाये ते."

बाई उसळल्या. "मुकी? तिनं तुमचा शब्द पाह्यलाच नाही गा, नुसते केस पाह्यले. काढा ते मिशी."

"बाप जित्ता हाये माहा. मिशी काढली तं गाव विचारन, बुढा कधी गेला?"

"गावाले सांगता येईन, त्याले ऐकू येते. हिले कोण सांगन?"

"थोडी कातरली तर?" मी मध्यस्थी केली. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, की मी खडू आणायला निघून गेले.

तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून परतला तेव्हा तोंडावर रुमाल होता. बाईंनी तोही काढायला लावला.

"गोदे, तुही बकरी व्याली," तो हळूच म्हणाला.

गोदा त्याच्या ओठांकडे पाहत राहिली. मग घोगऱ्या, जड आवाजात तिनं विचारलं, "कि-ती?"

बापानं नुसती दोन बोटं वर केली.

शाळा सोडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. दिवाळीपुरती मात्र तो तिला घरी घेऊन गेला.

नरकचतुर्दशीला मी चिवडा घेऊन वसतिगृहात गेले. बाई एकट्याच होत्या. दरवर्षी गोदाला न्हाऊ घालायच्या. यंदाही सवयीनं उटणं कालवलं होतं, ते वाटीत सुकत होतं.

"काहून आली वं?"

"सहज."

"बस मंग. कालवलेलं फेकू काय?" त्यांनी वाटीत पाणी घातलं, माझा हात ओढला आणि मोठ्या रागानं उटणं चोळायला लागल्या. मी घरून न्हाऊन आले होते. तरी दुसरा हात पुढे केला.