बॅटरीच्या बोल्टची कौटुंबिक तपासणी

काळजी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती करून दाखवावी लागते. ताईच्या घरात हे तत्त्व पूर्वापार मान्य होते. तिथली नव्वद टक्के काळजी पान्याने केली जाई, उरलेली सल्ल्याने.

ताईला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती. सकाळी दहाला हजर व्हायचे, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला. त्यासाठी तिने जुनी गाडी घेतली. सदर गाडीच्या बॅटरीला केबल वरून न बसता बाजूने बसते: केबलचे टोक कुशीला टेकवायचे आणि छोटा बोल्ट आत फिरवायचा. आतले आटे शिशाचे, म्हणजे स्वभावाने मऊ. मेकॅनिकने बजावले होते, "हाताने बसवा, मग पान्याने जरासा. केबल हलेनाशी झाली की सोडून द्या."

ताईने संध्याकाळी टोके घासली, बोल्ट तेवढाच आवळला, केबल हलवून पाहिली आणि बॅग भरायला गेली. एवढ्यावर काम संपले असते, तर घरात पुरुषमंडळी कशाला असतात?

बाबांनी बोल्ट पाव फेरा आवळला (मुलीच्या हातात जोर तो किती). बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून काकांनी आणखी पाव फेरा चढवला. काका कुठलेच काम धड पुरे करत नाहीत असा लौकिक असल्यामुळे दादाने लांब दांड्याचा पाना आणला. त्याच्या खेपेला बोल्ट अगदी अलगद फिरला. यावरून तो उत्तम बसल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

सकाळी ताईने किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली आणि गप्प झाली. बॉनेट उघडले तर बोल्ट शिशाच्या किसासकट बोटांत आला. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिने रागानेच पुसले, दादाच्या मोटरसायकलची किल्ली उचलली आणि कोणालाही न विचारता निघाली.

चौकशी तिच्या गैरहजेरीत, चहावर झाली. तिघांची साक्ष एकसारखी: आपण हात लावला तेव्हा बोल्ट सैलच होता. सबब दोष पहिल्यांदा आवळणाऱ्याचा, असे एकमताने ठरले.

दहाच्या आत ताईचा फोन आला, पोहोचले म्हणून. बाबांनी विचारले, "मोटरसायकल स्टँडवर नीट लावलीस ना? तिथल्या एखाद्या माणसाला बघायला सांग."

आपल्या घरी असले काही होत नाही, हे मान्यच आहे. मघाशी बायकोने लावलेले कुलूप तुम्ही ओढून पाहिलेत, ते आपले सहजच.